मेजावरील तट

दिवाळीच्या सुटींत आपल्याकडील मुलें अंगणांत किल्ला करतात. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखल, चिखलांत पेरलेले हळीव, माथ्यावर सिंहासन आणि वाटेवाटेवर मातीचे मावळे, असें त्याचें साहित्य ठरलेलें आहे. या किल्ल्याविषयीं एक गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. त्यावर कधींही हल्ला होत नाहीं. बुरुजावर उभा केलेला मावळा तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच उभा असतो, आणि पुढें घरच्या मांजराच्या हातून त्याचें जें व्हावयाचें तें होतें. एखाद्या चौकस मुलानें जर विचारलें कीं, शत्रु चालून आला तर या तटाचा उपयोग किती, त्याच्या आडोशानें एका माणसाचे दोन होतात कीं तीन, तर घरांतील वडील मंडळी बहुधा गप्प बसतील. तट आहे म्हणजे उपयोग असणारच, यापलीकडे उत्तर आपल्यापाशीं नाहीं.

हाच प्रश्न इंग्लंडांत व इतर कांहीं देशांत मोठीं माणसें गेलीं साठ वर्षें मोठ्या गंभीरपणें एकमेकांस विचारीत आलीं आहेत. मेजावर हिरवें कापड अंथरावें, त्यावर टेकड्या, झाडी व नदी मांडावी, बोटाच्या पेराएवढे रंगविलेले शिपाई गटागटांनीं उभे करावे, फूटपट्टीनें मोजून त्यांस चालवावें आणि चकमकीचा निकाल फाशानें लावावा, असा हा खेळ आहे. त्यांतील ‘प्राचीन’ शाखेंत रोमन, इराणी, मॅसिडोनियन, इतकेंच काय पण आपल्याकडील हत्ती-रथांचें जुनें सैन्यही मांडतां येतें. या शाखेच्या अभ्यासकांनीं 1965 सालीं सोसायटी ऑफ एन्शंट्स ही संस्था काढली. तिचें ‘स्लिंगशॉट’ नांवाचें मुखपत्र आहे. पुढें 1969 मध्यें वॉरगेम्स रिसर्च ग्रुप या मंडळानें प्राचीन युद्धांचे नियम छापले, आणि त्या मंडळांतील फिल बार्कर यांचें नांव या क्षेत्रांत तेव्हांपासून आजतागायत सर्वतोमुखीं आहे.

नियमांच्या पुस्तकाची समीक्षा वाङ्मयाच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. आमचें म्हणणें असें कीं, ज्या पुस्तकाच्या एका शब्दावरून दोन सुशिक्षित माणसें रात्रीं अकरा वाजेपर्यंत भांडतात, त्याला वाङ्मय न म्हणावें तर कशाला म्हणावें? शिवाय अशा प्रत्येक नियमांत इतिहासाविषयीं एक विधान दडलेलें असतें. ‘तटामागील तुकडीस इतके अंक अधिक’ एवढें लिहिणारा माणूस, पूर्वीं माणसें कशीं लढलीं व कशीं मेलीं याविषयीं कांहीं तरी सांगत असतो. तें खरें कीं खोटें हें पाहणें समीक्षकाचेंच काम आहे.

आपल्या बुद्धिबळांत ही अडचण नाहीं, कारण बुद्धिबळांत जमीनच नाहीं. चौसष्ट घरें सारखीं. आपण ‘किल्लेकोट’ करतों खरा, परंतु त्यांत कोट कोठेंच नसतो. राजा दोन घरें सरकून प्याद्यांच्या आड बसतो इतकेंच. एच. जी. वेल्स यांनीं 1913 सालीं ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक लिहून दिवाणखान्यांतील युद्धखेळाला लोकप्रिय रूप दिलें, त्यांतही तटाचा प्रश्न उद्भवला नाहीं; पण त्याचें कारण निराळें आहे. वेल्स यांच्या खेळांत खेळण्यांतली स्प्रिंगची तोफ खरोखरच लांकडाची लहानशी नळकांडी फेंकते. लांकडी ठोकळ्यांच्या भिंतीमागें शिपाई असेल तर ती नळकांडी भिंतीवर आपटते आणि शिपाई वांचतो. तेथें भिंतीला नियमाची गरज नाहीं; भिंत आपलें काम आपणच करते. तोफ जाऊन तिच्या जागीं फासा आला त्या दिवशीं भिंतीचा शब्द झाला. मेजावरचा गत्त्याचा तट फाशाला अडवूं शकत नाहीं. त्यानें काय अडविलें हें कोणी तरी लिहून ठेवलें पाहिजे, आणि लिहिलें म्हणजे अर्थाचा वाद आलाच.

हा वाद टाळण्याचा एक मार्ग प्रशियाच्या लष्करानें काढला होता. फॉन राइस्विट्झ या तरुण अधिकाऱ्यानें 1824 सालीं ‘क्रीग्सश्पील’चे नियम छापले, त्यांत दोन्ही पक्षांच्या वर एक पंच होता. पुढें 1876 मध्यें फेर्डी द्यु फेर्नुआ या सेनापतीनें बहुतेक कोष्टकें बाजूला सारून अनुभवी पंचाचा निर्णय हाच नियम, असें प्रतिपादिलें. अनुभवी सेनापति पंच म्हणून मिळत असेल तर यासारखें उत्तम कांहीं नाहीं. परंतु रविवारीं दुपारीं जेवण आटोपून खेळावयास बसलेल्या दोघां गृहस्थांस तिसरा सेनापति कोठून मिळावा? त्यांस पुस्तकाचाच आधार.

पुस्तकांपैकीं आम्ही येथें मुख्यतः ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ याचाच विचार करणार आहों. तें 1990 मध्यें प्रसिद्ध झालें. प्रत्येक पक्षाला फक्त बारा तुकड्या, सुमारें दोन फूट चौरस मैदान, आणि डाव तासाभरांत आटोपतो. दोन तुकड्या भिडल्या कीं दोघेही एकेक फासा टाकतात, आपापल्या जातीचा अंक त्यांत मिळवितात. ज्याची बेरीज कमी तो बहुधा मागें हटतो, आणि बेरीज प्रतिपक्ष्याच्या निम्मी किंवा तिच्याहून कमी भरली तर बहुधा नाश पावतो. इतक्या थोड्या साहित्यांत इतका अर्थ भरणें हें सामान्य काम नव्हे. पायदळाच्या रांगा एकमेकींस हळूहळू रेटीत आहेत, कोठें तरी एक तुकडी मोडते आणि तिच्या शेजारची उघडी पडते, हें चित्र या बारा गटांत जसें उमटतें तसें शेंकडों शिपायांच्या थोरल्या खेळांतही आम्हीं क्वचितच पाहिलें आहे.

पण या पुस्तकाची भाषा! एका वाक्यांत चार अटी, तीन अपवाद आणि एक कंस. इंग्रजी खेळाडूंनीं तिला ग्रंथकाराच्या नांवावरून ‘बार्करीज’ असें थट्टेचें नांवच देऊन टाकलें आहे. आम्हांस मात्र ती वाचतांना परकेपणा वाटला नाहीं. आपल्या पूर्वजांनीं अर्ध्या मात्रेची बचत हा पुत्रजन्मासारखा आनंद मानला, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. बार्कर हे सूत्रकार आहेत. एक अक्षर अधिक पडलें तर त्यांस दुःख होत असावें. आणि जेथें सूत्र तेथें भाष्य हें ओघानेंच येतें. अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या परिसरांतील खेळाडूंच्या मंडळानें या पुस्तकावर आकृत्यांसह एक ‘अनधिकृत मार्गदर्शक’ तयार केला. तें शुद्ध भाष्य आहे, आणि पुष्कळ खेळाडूंनीं मूळ सूत्रें त्याच्याच साहाय्यानें लावलीं. ग्रंथकारांसही पुढें या टीकेची दखल घ्यावीशी वाटली असावी. 2014 सालच्या तिसऱ्या आवृत्तींत आकृत्या आल्या आणि पुष्कळ वाक्यें उकलून लिहिलेलीं आढळतात. तथापि सूत्राला गुरुपरंपरेचा आधार असतो, शिष्य गुरूच्या पुढ्यांत बसलेला असतो. टपालानें आलेल्या पुस्तकाला तो आधार नाहीं. म्हणून सूत्रशैलीचा दोष या ठिकाणीं अधिक जाणवतो, आणि सर्वांत अधिक तो तटबंदीच्या नियमांत जाणवतो.

असें कां व्हावें? तटबंदी ही या खेळांत पाहुणी आहे. खेळ मोकळ्या मैदानावरील लढाईचा. वेढ्याला महिने लागतात, तो तासाभराच्या डावांत बसत नाहीं. म्हणून सर्व सामान्य नियम उघड्यावरच्या माणसांस धरून रचलेले आहेत, आणि तट आला कीं प्रत्येक नियमाला अपवाद हवा. हरलेली तुकडी मागें हटते हा उत्सर्ग; मग तटावरील तुकडी हरली तर ती कोठें हटते? तटाच्या आंत उडी घेते, कीं जागींच राहते? बाजूनें हल्ला झालेली तुकडी दुर्बळ होते हाही उत्सर्ग. मग जिच्या चारी बाजूंस तट आहे तिची बाजू कोणती? अशा अपवादांची यादी करूं लागलें म्हणजे पाहुण्यासाठीं सारें घर हलवावें लागतें. जुन्या आवृत्तींत वस्तीची जागा हा एकच शब्द होता. तिसऱ्या आवृत्तींत त्याचे शहर, किल्ला, वाडी व वास्तु असे चार प्रकार केले. याच घराण्यांतील ‘डी बेलिस मल्टिट्युडिनिस’ या 1993 सालच्या थोरल्या पुस्तकानें कायमची तटबंदी व तात्पुरती तटबंदी असा भेद केला होता. हे भेद उपयोगी आहेत, नाहीं असें नाहीं. परंतु ते सर्व नांवांचे भेद आहेत. मीमांसकांनीं अर्थनिर्णयाचीं सहा प्रमाणें सांगितलीं, त्यांत समाख्या म्हणजे नांव हें सर्वांत शेवटचें व सर्वांत दुर्बळ ठरविलें, हें आमच्या वाचकांस आठवत असेल. एखाद्या जागेला किल्ला म्हटल्यानें तेथील माणूस कोणापासून, कोणत्या बाजूनें आणि कोणत्या क्षणीं सुरक्षित आहे हें कळत नाहीं. आणि वाद नेमका तेवढ्यावरच होतो.

हा वाद क्षुल्लक नाहीं हें थोड्या गणितानें दाखवितां येईल. समजा, दोन्ही तुकड्यांचा अंक पांच आहे. दोन फाशांचे छत्तीस जोड. त्यांपैकीं पंधरांत हल्ला करणाराची सरशी होते. तटाबद्दल बचाव करणाराला दोन अंक अधिक दिले कीं हे पंधरा जोड सहांवर येतात. चार अधिक दिले तर छत्तिसांत एक उरतो. इतकें तर कोणीही अपेक्षील. परंतु दुसरी बाजू अधिक विचार करण्यासारखी आहे. उघड्यावर, पांचास पांच असतां, कोणाचाही नाश होऊं शकत नाहीं. दोघे एकमेकांस रेटीत राहतात. तटाचे दोन अंक दिले कीं हल्ला करणारी तुकडी छत्तिसांत दोनदां ठार होते, चार दिले तर सहा वेळां. म्हणजे हे अंक केवळ ढालीचें काम करीत नाहींत, ते तलवारीचेंही करतात. बाराच तुकड्यांच्या सैन्यांत एक तुकडी गेली तर काय होतें तें सांगावयास नकोच. तेव्हां अमुक तुकडी तटामागें आहे कीं नाहीं या एका प्रश्नावर सबंध डाव फिरतो.

आमच्यावर असा एक प्रसंग आला होता, आणि त्यांत चूक आमचीच होती. म्हणून तो सांगावयास हरकत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं दाराची लढाई मांडली होती. इराणी पक्ष एका वकील मित्रांनीं घेतला होता, रोमन पक्ष गणित शिकविणाऱ्या एका मास्तरांनीं. आम्ही पंच. नियमपुस्तक कोणतें होतें हें येथें महत्त्वाचें नाहीं. ‘खंदकामागील तुकडीस’ अधिक अंक द्यावे असें त्यांत होतें. खंदक म्हणून आम्हीं तपकिरी कापडाची पट्टी अंथरली होती आणि तिच्यांत ठिकठिकाणीं वाटा सोडल्या होत्या. मास्तरांचे स्वार अशा एका वाटेच्या तोंडाशीं उभे होते. तुकडीचा अर्धा भाग वाटेसमोर, अर्धा कापडाच्या पट्टीमागें.

वकीलसाहेबांनीं आपले स्वार वाटेनें घातले आणि विचारलें, "मास्तर, तुमचे स्वार खंदकामागें आहेत कीं वाटेंत?"

"दोन्हीकडे," मास्तर म्हणाले. "पण अंक मिळेल. तुकडी अर्धी कां होईना, खंदकामागें आहे."

"मग मी आलों कोठून? मी खंदक ओलांडलेलाच नाहीं."

दोघांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्हीं पुस्तक उघडलें, अक्षरें पाहिलीं, आणि अक्षरांस धरून मास्तरांस अंक दिला. इराणी तुकडी गेली, तिच्यापाठोपाठ डाव गेला. वकीलसाहेब कांहीं बोलले नाहींत. सोंगट्या डब्यांत भरून, चहा न घेतां गेले, आणि पुढील कित्येक रविवार आले नाहींत. हरण्याचें त्यांस दुःख नव्हतें. ते नेहमींच हरत. आपण सरळ प्रश्न विचारला आणि त्याला उत्तर मिळालें नाहीं, हें त्यांस लागलें असावें. आम्हांसही त्या रात्रीं चैन पडली नाहीं. पुस्तकानें खंदकाचें नांव घेतलें होतें. खंदक त्या दिवशीं त्या जागीं काय करीत होता, हें आम्हीं पाहिलें नव्हतें.

मग मूळ वृत्तांत पुन्हां काढून वाचला. दाराची लढाई इसवी सन 530 मधील. मेसोपोटेमियाच्या उत्तर भागांत रोमन साम्राज्याच्या सीमेवर दारा हें तटबंद शहर, आणि समोर थोड्याच अंतरावर इराण्यांच्या ताब्यांतलें निसिबिस. रोमन सेनापति बेलिसारियस. त्याचा चिटणीस प्रोकोपियस यानें ही हकीकत लिहून ठेविली आहे. त्याच्या आंकड्यांप्रमाणें रोमन पंचवीस हजार, इराणी चाळीस हजार, आणि दुसऱ्या दिवशीं निसिबिसहून इराण्यांस आणखी दहा हजारांची कुमक आली. बेलिसारियसानें शहराच्या तटामागें बसण्याऐवजीं दरवाजासमोर दगड फेंकला तर पोंचेल इतक्या अंतरावर एक लांब खंदक खणविला. तो सरळ नव्हता. मधला भाग सरळ, त्याच्या दोन्ही टोंकांस काटकोनांत आडवे खंदक, आणि तेथून पुढें दोन्हीकडे पुन्हां सरळ. त्यांत जाण्यायेण्यासाठीं जागोजाग वाटा मुद्दाम ठेवलेल्या होत्या. कोपऱ्यांत एका बाजूस सहाशें हूण स्वार, दुसऱ्या बाजूस सहाशें. आणि डावीकडे टेकडीआड फारास नांवाच्या सरदाराचे तीनशें हेरुली दडविलेले. (पहिल्या दिवशीं दोन इराणी वीरांस द्वंद्वयुद्धांत लोळविणारा अँड्रियस हा लष्करी मनुष्य नसून कुस्तीची तालीम चालविणारा वस्ताद होता, ही गोष्ट आमच्याकडील तालीमबाजांस आवडेल. पण तें असो.)

आतां या खंदकानें काय केलें? त्यानें शत्रूला अडविलें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. इराण्यांच्या उजव्या फळीनें रोमनांची डावी फळी मागें रेटलीच. तेव्हां टेकडीआडून हेरुली पाठीवर आले आणि कोपऱ्यांतील हूण कुशींत शिरले, म्हणून ती मोडली. दुसऱ्या टोंकास इराण्यांच्या ‘अमर’ नांवाच्या निवडक स्वारांनीं रोमनांची उजवी फळी अशीच रेटली, आणि दोन्हीकडचे हूण एकत्र होऊन त्यांच्यावर पडले तेव्हां इराणी फळी दुभंगली. म्हणजे खंदकाचें खरें काम शत्रूची रांग तोडणें, त्यानें कोठून यावें हें ठरविणें, आणि आपल्या राखीव स्वारांस कुशीची जागा देणें हें होतें. वाटेच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या स्वारांस त्या खंदकाचा आडोसा मुळींच नव्हता. ती वाट ठेवलेलीच होती ती घोड्यांनीं तींतून जावें म्हणून. आम्हीं मास्तरांस अंक दिला तो बेलिसारियसाच्या बुद्धीचा अपमानच होता.

दुसरें उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. इसवी सनापूर्वीं 52 मध्यें गॉल देशांत अलेसिया येथें सीझरनें व्हर्सिंजेटोरिक्सला वेढलें. त्यानें स्वतःच लिहिलेल्या वर्णनाप्रमाणें वेढ्याची आंतली रेषा अकरा रोमन मैल, आणि बाहेरून गॉलांची कुमक येणार म्हणून तिच्याभोंवतीं उलट तोंडाची दुसरी रेषा चौदा मैल. पंधरा फूट रुंदीचे दोन खंदक, त्यामागें बारा फुटी मातीचा तट व मेढेकोट, दर ऐशीं फुटांवर मनोरा. तटापुढें टोंकदार खुंट पुरलेले खड्डे, ज्यांना शिपाई थट्टेनें ‘लिली’ म्हणत. येथें किल्ला कोणाचा? वेढणारा तोच वेढलेला. रोमन शिपायाची पाठ एका तटाकडे आणि तोंड दुसऱ्या तटाकडे. ‘किल्ल्याच्या आंत असलेली तुकडी’ ही व्याख्या या ठिकाणीं हवेंत विरून जाते, कारण आंत व बाहेर हे शब्दच फिरले. शिवाय सीझरनें सांगितलेलीं हीं नेमकीं मापें सर्वत्र तशींच नव्हतीं. तिसऱ्या नेपोलियननें 1861 ते 1865 मध्यें करविलेल्या आणि पुढें फ्रेंच व जर्मन संशोधकांनीं 1991 ते 1997 मध्यें केलेल्या उत्खननांत हे खंदक जमिनीच्या चढउताराप्रमाणें जागोजागीं बदललेले आढळले. लढाईचा निकालही तटाच्या उंचीनें लागला नाहीं. उत्तरेकडील टेकडीची जागा प्रतिकूल होती. तेथें गॉलांनीं नेट लावला, खंदक माती टाकून बुजविले. तेव्हां लाबिएनस सहा तुकड्यांनिशीं तेथें धांवला आणि शेवटीं सीझरनें कांहीं स्वार बाहेरून वळसा घालून त्यांच्या पाठीवर पाठविले.

आणि साम्ब्र नदीची लढाई? तेथें, इसवी सनापूर्वीं 57 मध्यें, रोमन शिपाई छावणीचा तट घालीतच होते तों नर्व्ही लोक चालून आले. शिरस्त्राण चढविण्यास, ढालीवरची खोळ काढण्यासही वेळ मिळाला नाहीं. अर्धा झालेला तट हा तट कीं नव्हे, याचें उत्तर बहुतेक नियमपुस्तकांत नाहीं. कौटिल्यानें दुर्गविधान दुसऱ्या अधिकरणांत, छावणीची मांडणी दहाव्यांत आणि दुर्ग घेण्याचे उपाय तेराव्यांत असें निरनिराळ्या ठिकाणीं सांगितलें, तें उगाच नव्हे. राहण्याची तटबंदी, मुक्कामाची तटबंदी आणि फोडावयाची तटबंदी या तीन निराळ्या गोष्टी आहेत हें त्यास ठाऊक होतें.

यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, तट ही जागा नाहीं, ती रेषा आहे. पुस्तकांनीं तटाला टेकडी व झाडी यांच्या पंक्तीस बसवून त्याला भूप्रदेश मानलें, ही मूळ चूक. झाडींत उभा असलेला माणूस चोहोंकडून झाडींत असतो. तटामागील माणूस एकाच बाजूनें तटामागें असतो. तेव्हां अंक तुकडीस देऊं नये, भिडण्यास द्यावा. दोन तुकड्या ज्या कडेवर एकमेकींस टेंकल्या त्या कडेवर तटाची रेषा आहे काय, एवढाच प्रश्न विचारावा. सबंध कडेवर असेल तर अंक; कोठें वाट असेल तर नाहीं, कारण येणारा वाटेनेंच येईल. घोडेस्वाराला तटाचा अंक कधींच देऊं नये. घोड्यावर बसून कोणी मेढेकोट राखीत नाहीं. तटावरून रेटली गेलेली तुकडी तटाच्या आंतल्या बाजूस खालीं यावी, आणि चढून आलेल्या शत्रूला तोच तट उलट दिशेनें उपयोगीं पडूं नये. खंदक बाहेर असतो, आंत नसतो. अलेसियासारख्या ठिकाणीं दोन रेषा मांडल्या कीं झालें, आंत-बाहेर या शब्दांची गरजच उरत नाहीं. वाटा कोठें आहेत हें डाव सुरू होण्यापूर्वीं मोठ्यानें सांगावें. फासा पडल्यावर सांपडलेली वाट ही वाट नव्हे.

यावर बार्करपक्षाचें उत्तर आम्ही जाणून आहों. एवढ्याशा पाहुण्यासाठीं इतकीं वाक्यें कशाला? दहा डावांत एकदां तट येतो. तें खरें आहे. परंतु भांडण त्या एकाच डावांत होतें, आणि नऊ डावांची मैत्री त्यांत जाते. शिवाय आम्ही वाक्यें वाढवा असें म्हणत नाहीं. चार नांवांच्या जागीं एक क्रिया ठेवली तर पुस्तक उलट लहानच होईल, आणि सूत्रकारास ती मात्रांची बचत आवडावी. तिसऱ्या आवृत्तीनें आकृत्या देऊन जें साधलें तें मोठें आहे. पण आकृतीनें शब्द स्पष्ट होतो, निर्णय न झालेला विचार स्पष्ट होत नाहीं. तटाविषयींचा विचारच अर्धवट राहिलेला आहे.

वकीलसाहेबांस आम्हीं प्रोकोपियसाचा तो भाग उतरून पत्रानें पाठविला व आपली चूक कबूल केली. ते पुढच्या रविवारीं आले. दारा पुन्हां मांडलें. या वेळीं रेषेचा नियम धरला, आणि मास्तरांनीं आपल्या वाटा आरंभींच बोट ठेवून दाखविल्या. इराणी पक्ष पुन्हां हरलाच, पण टेकडीआडच्या तीनशें हेरुलींमुळें हरला, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. चहाच्या वेळीं वकीलसाहेबांनीं एक नवा प्रश्न काढला: गॉलांप्रमाणें आपण खंदक बुजवूं लागलों तर त्याला किती चाली लागाव्या, आणि बुजविणाऱ्यांवर तटावरून बाण पडत असतील तर किती? मास्तरांनीं मातीच्या टोपल्यांचा हिशेब मांडावयास घेतला आहे. तो अजून पुरा झालेला नाहीं.